२००३ ची मियाटा आणि २०१९ ची सीएक्स-५ : तुलना नेमकी कशाची करायची?

न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २००३ सालची, पाच गिअरची, ७८,००० मैल चाललेली माझदा मियाटा ही दोन आसनांची, कापडी छताची स्पोर्ट्स कार आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी ती एका सहकाऱ्याकडून घेतली आणि तिच्यावर त्यांचा जीव आहे. पत्नी मेट्रोपार्क स्टेशनहून रेल्वेने न्यूयॉर्कला कामाला जातात, त्यामुळे घरात आजवर ही एकच गाडी पुरली. आता मार्चमध्ये बाळ येणार आहे. त्यांनी २०१९ सालची, ६२,००० मैल चाललेली ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, माझदा सीएक्स-५ ही एसयूव्ही पाहून ठेवली आहे. काही मित्र म्हणतात की जुनी उघडी गाडी म्हणजे खेळणे, ताबडतोब विका. काही म्हणतात की अशी गाडी पुन्हा मिळणार नाही, काहीही करून ठेवा. त्यांनी विचारले आहे : "या दोघींपैकी चांगली गाडी कोणती, आणि मियाटा विकून टाकावी का?"

मी हे काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शिकलो आणि गेली चोवीस वर्षे मध्य न्यू जर्सीत गाड्या दुरुस्त करतो आहे. त्यातला बराचसा भाग जुनी गाडी विकत घेण्यापूर्वीच्या तपासणीचा असतो. त्या अनुभवातून सांगतो की तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. घरातली पहिली गाडी कोणती असावी, हा एक. आणि मियाटा दुसरी गाडी म्हणून सांभाळण्याच्या लायकीची उरली आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी इथूनच देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर तुमच्या गाडीच्या दारांखालच्या पत्र्यात आहे आणि ती लिफ्टवर घेतल्याशिवाय ते कोणालाही सांगता येणार नाही.

पहिला प्रश्न बाळाचा आहे, म्हणून तो आधी. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार दोन वर्षांखालील आणि तीस पौंडांपेक्षा कमी वजनाच्या मुलाला मागे तोंड करून बसवायच्या सीटमध्ये, गाडीच्या मागच्या आसनावर बसवावे लागते. गाडीला मागचे आसनच नसेल तर पुढे बसवण्याची मुभा आहे, परंतु समोरची एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली सीट पुढे लावता येत नाही. तुमच्या पिढीच्या मियाटात प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग किल्लीने बंद करण्याची सोय आहे, त्यामुळे कायद्याच्या भाषेत तुम्ही बाळाला तिच्यातून नेऊ शकता. तरीही नेऊ नका, असेच मी सांगेन. त्या गाडीत बाजूच्या एअरबॅग नाहीत, घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली नाही, आणि डोक्यावर कापड आहे. ही स्थिरता प्रणाली अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. गाडी घसरू लागली की ती प्रत्येक चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी रेषेत आणते, आणि मी आजवर पाहिलेल्या सुरक्षेच्या उपायांत सीटबेल्टनंतर तिचा क्रमांक लावतो. शिवाय बाळाला पुढे बसवले की त्या दिवशी पत्नीला गाडीत जागा नाही. ताप आलेल्या बाळाला रात्री डॉक्टरांकडे नेताना आईला घरी ठेवावे लागणे मला पटत नाही.

वजनाचाही विचार करा. तुमची मियाटा साधारण १,०८० किलोची आहे आणि सीएक्स-५ साधारण १,६५० किलोची. रूट १ वर तुमच्या आजूबाजूला पिकअप आणि मोठ्या एसयूव्ही धावत असतात. जड आणि हलकी गाडी एकमेकांवर आदळल्या की वेगातला मोठा बदल हलक्या गाडीच्या वाट्याला येतो. मियाटाची उंची १.२३ मीटर आहे, म्हणजे शेजारच्या लेनमधल्या उंच गाडीच्या चालकाला ती आरशात दिसेलच असे नाही. तेव्हा घरातली पहिली गाडी सीएक्स-५ किंवा तिच्यासारखी मागची आसने असलेली गाडी असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इथे मला तुलनाच करावीशी वाटत नाही, कारण दोन आसनांची गाडी तीन माणसांच्या घराची एकमेव गाडी होऊ शकत नाही.

मात्र "एसयूव्ही म्हणजे जास्त ताकदवान" किंवा "स्पोर्ट्स कार म्हणजे जास्त वेगवान" हे गैरसमज सोडून द्या, कारण त्यांच्या भरवशावर घेतलेले निर्णय पुढे मनाला डाचतात. तुमच्या मियाटाचे १.८ लिटरचे इंजिन १४२ अश्वशक्तीचे आहे आणि सीएक्स-५ चे २.५ लिटरचे, टर्बो नसलेले इंजिन १८७ अश्वशक्तीचे. दोघीही ताशी ६० मैलांचा वेग साधारण आठ सेकंदांत गाठतात. पेट्रोलच्या बाबतीतही तुम्हाला वाटते तेवढे अंतर नाही. ऑल-व्हील ड्राइव्ह सीएक्स-५ चा सरकारी सरासरी आकडा गॅलनला २६ मैल आहे आणि मियाटाचा त्याहून फारसा वेगळा नाही.

मग मियाटा वेगळी कशात आहे? १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली गेली, तेव्हापासून तिची मांडणी बदललेली नाही : इंजिन पुढे पण शक्य तितके मागे सरकवलेले, ताकद मागच्या चाकांना, वजन दोन्ही आसांवर जवळजवळ सारखे वाटलेले. तुमच्या पिढीत चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन भुजांनी धरलेले आहे, आणि गिअरबॉक्स व मागचा डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) अॅल्युमिनियमच्या एका लांब चौकटीने एकमेकांना जखडलेले आहेत. त्यामुळे अॅक्सिलरेटरवर पाय ठेवताच मागची चाके लगेच उत्तर देतात. वळणावर गाडीचे वजन कुठे सरकते आहे हे बसलेल्या जागी कळते. १.६८ मीटर उंचीच्या गाडीत हे अनुभवायला मिळत नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही करू नये. ती कुटुंबाची गाडी आहे आणि तिच्या वर्गात चालवायला चांगलीच आहे. पण तुमचा जीव मियाटावर असेल, तर तो सीएक्स-५ वर बसेल या आशेने मियाटा विकू नका. मियाटा विकायची तर तिच्या स्वतःच्या प्रकृतीकडे पाहून विका.

आता तिच्या प्रकृतीचा प्रश्न, आणि इथे मी जरा सविस्तर लिहितो. रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्यांचा पत्रा खारी हवा कशी खाते हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. न्यू जर्सीत तेच काम हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ करते, आणि अधिक वेगाने करते, कारण ते चिखलाबरोबर पत्र्याच्या घड्यांत जाऊन बसते. मियाटाच्या या पिढीत गंजाची पहिली जागा म्हणजे दाराखालचा लांब पोकळ पत्रा, ज्याला आम्ही रॉकर पॅनेल म्हणतो, आणि त्यातही मागच्या चाकाच्या लगत पुढे असलेला टोकाचा भाग. कापडी छतावरचे पाणी आसनांमागच्या पन्हळीत जमते आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे गाडीखाली उतरते. गाडी झाडाखाली उभी राहिली की पाने आणि माती त्या नळ्यांत अडकतात, पाणी तुंबते आणि नको तिथे वाट काढते. त्यात चाकाच्या बाजूने आलेला खारट चिखल मिसळला की पत्रा आतून सडू लागतो. बाहेर रंगाचा फोड दिसेपर्यंत आतला थर बहुधा गेलेला असतो.

तुम्ही म्हणाल, गंज तर सगळ्याच गाड्यांना लागतो, मग याचे एवढे काय? झाकण लावलेला पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी पिळून पाहा, आणि मग झाकण काढून पिळा. छत असलेल्या गाडीत भार छत, खांब आणि तळ मिळून वाटून घेतात. उघड्या गाडीला झाकण नसते, त्यामुळे पुढची आणि मागची चाके एकमेकांशी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः दारांखालच्या या दोन पोकळ तुळयांवर आणि दोन आसनांमधून लांबवर जाणाऱ्या तळाच्या उंचवट्यावर, म्हणजे मधल्या बोगद्यावर येऊन पडते. एसयूव्हीच्या दाराखाली गंज लागला तर ते दुखणे आहे. उघड्या गाडीत तीच तुळई गेली तर गाडीचा कणाच गेलेला असतो. म्हणून अशी गाडी तपासताना मी इंजिनाचे बॉनेट उघडण्याआधी तिला लिफ्टवर घेतो.

आणखी एक गोष्ट इथल्या अनेकांच्या लक्षात येत नाही. न्यू जर्सीने ऑगस्ट २०१० पासून खासगी मोटारींची यांत्रिक सुरक्षेची तपासणी बंद केली. आता सरकारी तपासणी मुख्यतः धुराची होते. काचेवर नवा स्टिकर आहे याचा अर्थ गाडीचा तळ, ब्रेकच्या नळ्या किंवा सस्पेन्शन कोणी पाहिले आहे असा मुळीच होत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या गाडीखाली शेवटचे कोण गेले होते, हे तुमचे तुम्हालाच माहीत असायला हवे.

काही गोष्टी तुम्ही घरीही करू शकता. आसनांमागच्या कोपऱ्यात अर्धा लिटर पाणी सावकाश ओता आणि ते मागच्या चाकाच्या पुढे खाली ठिबकते का ते पाहा. ठिबकत नसेल तर मऊ प्लास्टिकची जाड दोरी घालून नळी मोकळी करा. तार घालू नका, नळी फाटते. दाराखालच्या पत्र्यावर पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे, आणि लांबीखाली काय आहे हे विकणाऱ्याला सोडून कोणालाच ठाऊक नसते. पुढच्या बाजूला, इंजिनाच्या दोन्ही अंगांना असलेल्या चेसिसच्या दांड्यांकडेही पाहा, कारण या पिढीत त्याही आतून गंजतात.

यंत्राची मला त्या मानाने कमी काळजी वाटते. हे इंजिन चिवट आहे. इंजिनाच्या आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, ६०,००० मैलांना बदलायचा असतो. तुमचे ७८,००० झाले आहेत, म्हणजे तो एकदा बदललेला असायला हवा. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असे धरून चाला आणि त्याच वेळी वॉटर पंपही बदला, कारण तिथपर्यंत पोहोचण्याची मजुरी तीच आहे. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा भाग) या गाड्यांत गळतो हे जाणकारांना माहीत आहे. तो भाग स्वस्त आहे, आणि गिअर पडताना अडखळू लागला की आधी त्याच्याकडे पाहावे. एरवी रबर, द्रव आणि बॅटरी एवढेच सांभाळायचे असते.

रबराबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहितो, कारण कमी चालणाऱ्या गाड्यांत मी सर्वांत जास्त चुका इथेच पाहिल्या आहेत. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ त्यांची जुनी उघडी गाडी घेऊन आले होते, मियाटा नव्हे. रंग चकचकीत, आत धुळीचा कण नाही, टायरची नक्षी जवळजवळ पूर्ण. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडी अंक वाचल्यावर ते चौदा वर्षांपूर्वीचे निघाले. त्या अंकांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. मी टायर बदलायला सांगितले, त्यांनी पुढच्या महिन्यावर ढकलले, आणि दोन आठवड्यांनी गार्डन स्टेट पार्कवेवर मागच्या टायरची नक्षीची पट्टी सोलून निघाली. ते वाचले, गाडी कठड्याला घासली. झीज दिसत नसली तरी रबर कडक होत जाते, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत ओल्या रस्त्यावर त्याचा परिणाम आधी दिसतो. माझ्या कामात मी दहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही असली तरी मान्य करत नाही, आणि अशा गाडीत सातव्या वर्षापासूनच बदलण्याचा आग्रह धरतो.

आता सीएक्स-५ कडे वळू. "नवी आहे, म्हणजे काळजी नाही" असे समजून तिची तपासणी टाळू नका. तुमच्या मियाटाचे दोष बावीस वर्षांत उघड झालेले आहेत. या गाडीचे दोष अजून पहिल्या मालकाच्या सवयींत दडलेले आहेत. तिच्यात जुन्या पद्धतीचा सहा गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, आणि ही माझ्या दृष्टीने जमेची बाजू आहे. त्याचे तेल कधी बदलले आहे का ते विचारा. ६२,००० मैलांवर मी ते बदलून घेईन, कोणी ते आयुष्यभर पुरते असे म्हणाले तरी. २०१८ पासून या इंजिनात कमी भाराच्या वेळी चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवण्याची योजना आली. २०१८ आणि २०१९ च्या काही गाड्यांना त्या प्रणालीसाठी २०१९ मध्ये रिकॉल निघाला होता, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि उपाय म्हणून सॉफ्टवेअर बदलून दिले गेले. ते झाले आहे का, हे गाडीच्या सतरा अक्षरी क्रमांकावरून अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या (एनएचटीएसए) संकेतस्थळावर विनामूल्य कळते. मियाटाचा क्रमांकही तिथेच तपासून घ्या.

ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखेच झिजलेले असावे लागतात. एका कुटुंबाने पाच वर्षांची एसयूव्ही घेतली होती. तिचा एक टायर पंक्चर झाल्यावर आधीच्या मालकाने तेवढाच नवा बसवला होता. चाकांच्या घेरात फरक पडला की मागच्या आसाला ताकद देणारा जोड सतत झिजत राहतो, आणि त्या घराला तो जोडच बदलावा लागला. पुढच्या काचेमागे कॅमेरा आहे का, आणि काच कधी बदलली असेल तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा नेम पुन्हा नीट जुळवणे, झाले होते का, हेही विचारा. ते झालेले नसेल तर अपघात टाळणारी यंत्रणा चुकीच्या जागी पाहत असते. मियाटात असा खर्च कधीच येणार नाही, आणि सीएक्स-५ मध्ये एखाद्या साध्या दगडाने तो येऊ शकतो.

हिवाळ्याबद्दल बहुतेकांचा समज चुकीचा असतो. ऑल-व्हील ड्राइव्ह बर्फातून गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक लावताना उपयोगी पडतो तो टायर. बाळासाठी सीएक्स-५ घेणार असाल तर पहिल्याच हिवाळ्यात तिला हिवाळी टायरचा संच घ्या. महागड्या मोठ्या रिमपेक्षा तो खर्च मला शंभर टक्के सार्थकी लागलेला वाटेल.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे खरोखरच परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे. मियाटाची किंमत जेवढी उतरायची तेवढी बहुधा उतरून गेली आहे. ती नीट ठेवली तर पुढच्या पाच वर्षांत तुमचे फार नुकसान होणार नाही. सीएक्स-५ ची किंमत मात्र दरवर्षी उतरत जाईल. त्यामुळे मियाटा विकून सीएक्स-५ च्या हप्त्यांत किती फरक पडतो ते कागदावर मांडून पाहा. फरक थोडा असेल तर विकण्याची घाई नको. तुमच्याकडे बंद गॅरेज आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझ्यासाठी तो निर्णायक मुद्दा आहे. गॅरेज असेल तर नोव्हेंबर ते मार्च गाडी आत, आणि वर्षानुवर्षे चांगली. गॅरेज नसेल, तर अपार्टमेंटच्या अंगणात झाडाखाली उभी राहून ती दोन-तीन हिवाळ्यांत सडेल, आणि तसे होऊ देण्यापेक्षा तिची कदर करणाऱ्या कोणाला आजच दिलेली मला बरी वाटेल. दुसरी, मर्यादित वापराची गाडी म्हणून विमाही स्वस्त पडू शकतो. अशा विम्यात बहुधा घरात रोजची वेगळी गाडी आणि बंद जागा या अटी असतात. २०२८ मध्ये ती पंचवीस वर्षांची होईल आणि न्यू जर्सीच्या हिस्टॉरिक नंबरप्लेटला पात्र ठरेल, परंतु ती प्लेट प्रदर्शने आणि तत्सम वापरासाठी असते, रोज कामावर जाण्यासाठी नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर क्रम असा ठेवला असता. सीएक्स-५ तपासून, बाळ येण्याच्या किमान महिनाभर आधी घेतली असती, म्हणजे सीट बसवून पाहायला आणि पट्टे नीट ताणायला वेळ मिळाला असता. मियाटा या आठवड्यातच, मीठ पडायच्या आत, लिफ्टवर घेतली असती. रॉकर पॅनेल आणि पुढच्या दांड्या शाबूत असतील आणि गॅरेज असेल, तर टायर, बेल्ट आणि ब्रेक ऑइल बदलून ती ठेवली असती. मागच्या टोकाला वरवरचा गंज असेल तर कापून वेल्डिंग करणाऱ्या, नुसती लांबी न भरणाऱ्या माणसाकडून अंदाज घेतला असता. आतला थर दोन्ही बाजूंनी गेलेला असेल, तर खरेदीदाराला ते स्पष्ट सांगून ती विकली असती, कारण तिच्यात पुढे कोणीतरी बसणार आहे.

लिफ्टवर घ्याल तेव्हा मागच्या चाकाचे आतले आवरण काढायला सांगा आणि तिथून पुढे पाहणाऱ्या पत्र्याचे दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढा. ते इथे टाकलेत तर पत्रा किती उरला आहे, हे मी पाहून सांगेन.